वाड्याबाहेरचा माणूस

मराठी लेखकाला सत्तेचा वाडा चांगला ठाऊक आहे. सदरेवर कोण बसतो, माजघरात काय शिजते, मागल्या दाराने कोण आत येतो, हे त्याने इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने लिहिले आहे, की एखाद्या मंत्र्याची आपल्याच घरात वाट चुकली तर त्याने खुशाल एखादी मराठी कादंबरी उघडून पाहावी. वाड्याच्या पायरीशी उभा राहून आत शिरू पाहणारा उपरा माणूसही आपल्या नाटकांत आणि कादंबऱ्यांत भेटतो. त्याचे चित्र तर फार ठसठशीत आहे. भेटत नाही तो तिसराच. आतल्यांना विटलेला, आणि म्हणून पायरीवरच्या उपऱ्याकडे ‘हा तरी बघू’ म्हणत मान वळवणारा माणूस. मतदार. त्याच्या विटण्यावर निवडणुका फिरल्या, सरकारे गेली. पण आपल्या राजकीय वाङ्मयात त्याला अजून चेहरा मिळालेला नाही, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेख.

मी विद्यापीठाचा पदवीधर नव्हे. समीक्षेची परिभाषा मला येत नाही, आणि खरे सांगायचे तर ती यावी अशी फारशी इच्छाही नाही. शाळेत मुले शिकवणे, जमेल तशी कादंबरी लिहिणे, आणि निवडणूक आली की सरकारी हुकमाप्रमाणे मतदान केंद्रावर जाऊन बसणे, एवढाच माझा अधिकार. पण या तिसऱ्या कामाने मला जे दाखवले, ते पहिल्या दोन कामांनी दाखवले नव्हते.

ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा दाताखाली असताना हा विषय कशाला, असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. तिला माझे उत्तर असे, की आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी आणि राजकारण यांची गाठ फार जवळची आहे. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, खडी गंमत, पाहुण्यांची वर्दळ. आणि रात्री मांडवात नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या इथून पुढे होळीपर्यंत झाडीपट्टीभर हिंडत असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत जितके नाटक पाहिले जाते, तितके पुण्या-मुंबईच्या रसिकांना सांगूनही पटायचे नाही. धान कापून खळ्यावर आणलेला शेतकरी घोंगडी पांघरून रात्रभर मांडवात बसतो आणि पहाटे घरी जातो. करडी हे आमच्या गावाचे नाव ऐकून परगावच्या पाहुण्याला करडईची आठवण होते. पण इथे शिवारात पाहाल तिकडे धान, आणि धान निघाल्यावर नाटक.

या नाटकांत एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. गावचा पुढारी दुष्ट असतो. त्याच्या पाठीशी एखादा आमदार असतो, तो अधिक दुष्ट. आणि मग बाहेरून कोणीतरी येतो. शहरात शिकलेला गरिबाचा पोर, बदलून आलेला प्रामाणिक अंमलदार, क्वचित एखादा मास्तरही. तो पुढाऱ्याला भर सभेत चार शब्द सुनावतो आणि मांडवात टाळ्यांचा पाऊस पडतो. शेवटच्या प्रवेशात त्याच्या गळ्यात हार पडतो. प्रेक्षक डोळे पुसत उठतो. तोच प्रेक्षक चार-सहा महिन्यांनी माझ्यासमोर मतदान केंद्रात उभा राहतो, तेव्हा त्याच्या मुद्रेवर त्या टाळ्यांचा मागमूसही नसतो. मांडवात त्याने ज्याला हार घातला, तो माणूस यंत्रावरच्या यादीत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

हे काही केवळ झाडीपट्टीतले स्वप्न नव्हे. युक्रेन देशात २०१५ साली दूरचित्रवाणीवर एक मालिका सुरू झाली. इतिहास शिकवणारा एक साधा शाळामास्तर राज्यकर्त्यांवर संतापून बोलतो, त्याचा एक विद्यार्थी ते गुपचूप चित्रित करतो, आणि बघता बघता तो मास्तर देशाचा अध्यक्ष होतो, अशी तिची कथा. मास्तराचे काम करणारा विनोदी नट झेलेन्स्की. २०१९ साली तो खरोखरीच निवडणुकीला उभा राहिला, मालिकेचेच नाव त्याच्या पक्षाने घेतले होते, आणि दुसऱ्या फेरीत शेकडा ७३ मते मिळवून तो अध्यक्ष झाला. आपल्या शेजारच्या आंध्रात तर हे फार आधी घडून गेले. पडद्यावर राम आणि कृष्ण होणाऱ्या एन. टी. रामारावांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. अवघे दहा महिने! तेव्हा मांडवातली टाळी आणि पेटीतले मत यांत अंतर असते हे खरे, पण ते अंतर केव्हा आणि कसे मिटते, हा प्रश्न लेखकाने विचारण्याजोगा आहे. तो आपण विचारला का?

आधी यंत्राबद्दल थोडे सांगतो. मतदान यंत्रावरची नावे सरसकट वर्णानुक्रमाने नसतात, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते. प्रथम मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, त्यांच्यात वर्णानुक्रम. मग नोंदणी झालेल्या लहान पक्षांचे. आणि सर्वांत खाली अपक्ष. म्हणजे उपऱ्याची जागा कागदोपत्रीसुद्धा तळाशीच. त्याचे चिन्हही उसने, आयोगाने ठरवलेल्या मुक्त चिन्हांतले: शिट्टी, ट्रक, रोड रोलर, असे काहीतरी. या निवडणुकीत एकाचे, पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याचे. आणि २०१३ सालापासून त्या अपक्षांच्याही खाली आणखी एक ओळ आली आहे: ‘यांपैकी कोणीही नाही’. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या २७ सप्टेंबरला दिलेल्या निकालाने ती आली. वरून खाली वाचत जावे तर विटण्याच्या चढत्या पायऱ्याच मांडून ठेवल्यासारख्या दिसतात. मोठा पक्ष नको, लहान नको, एकटा नको, कोणीच नको.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात या शेवटच्या ओळीला २७ हजारांहून अधिक मते पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर आली. जो उमेदवारच नाही, त्याने हाडामांसाच्या उमेदवारांना मागे टाकले. पेपरांत त्याचे केवढे कौतुक झाले! पण त्यामागे त्या जागेच्या वाटपावरून झालेली नाराजी आणि काही जणांनी मुद्दाम केलेला प्रचार होता, असेही तेव्हा पुष्कळ बोलले गेले. ते खरे असेल तर लोकांच्या विटण्यालाही शेवटी कोणीतरी मुकादम भेटलाच म्हणायचे. कादंबरीकाराने डोळे विस्फारावेत अशी ही घटना. त्या २७ हजारांतले शंभर जण कोणी घरी जाऊन भेटला असता, तर केवढी कादंबरी झाली असती!

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. तीन कृती मी मुद्दाम निवडतो, कारण त्या तिन्ही थोर आहेत. सामान्य कृतींचे दोष काढून कोणाचे काय भले व्हायचे?

पहिली ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. त्यावर जे रण माजले ते वाचकांना ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही. माझ्यापुरते हे नाटक उपऱ्याचे आहे. कनौजहून आलेला एक परका ब्राह्मण पुण्यात अपमानित होतो, चोर ठरतो, सूडाची शपथ घेतो, आणि पोटच्या पोरीच्या मोबदल्यात नानांकडून कोतवाली मिळवतो. बाहेरच्या माणसाला आतला माणूस का वर चढवतो, याचे इतके निर्दय उत्तर मराठीत दुसऱ्या कोणी दिलेले नाही. लोकांचा राग आपल्यावर येण्याऐवजी त्याच्यावर यावा, म्हणून! काम झाल्यावर नाना त्याला लोकांच्या हवाली करतात आणि स्वतः पुन्हा सभ्यच्या सभ्य राहतात. हा डाव नंतर किती राजधान्यांत खेळला गेला असेल, याची मोजदाद करणे कठीण.

परंतु ज्या लोकांच्या हवाली घाशीराम केला जातो ते लोक कोण? रंगमंचावर ते एका ओळीत उभी असलेली माणसांची भिंत आहेत. कधी ती पडदा होते, कधी देऊळ, कधी पुणे शहर. नाट्यप्रयोगाच्या दृष्टीने ही कल्पना अपूर्व आहे, आणि जब्बार पटेलांनी बसवलेला तो प्रयोग ज्यांनी पाहिला ते अजून त्या भिंतीबद्दल भरभरून बोलतात. पण भिंत ती भिंतच. तिने घाशीरामाला सोसले का, त्याच्यावर कधी आशा ठेवली का, त्याला ठेचताना तिला नाना दिसले का नाहीत, हे ती सांगत नाही. तेंडुलकरांना ते सांगायचे नव्हते. त्यांच्यावर माझी तक्रार नाही. तक्रार पुढल्या पन्नास वर्षांतल्या आम्हा सर्वांवर आहे. आम्ही त्या भिंतीलाच लोक समजून चाललो.

दुसरी कृती ‘सामना’. तेंडुलकरांचीच पटकथा, पटेलांचेच दिग्दर्शन; १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात हा चित्रपट गेला होता. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडेपाटील आणि त्याच्या राज्यात कोठून तरी येऊन पडलेला एक दारुडा मास्तर. निळू फुले आणि डॉक्टर लागू. मास्तर एकच प्रश्न लावून धरतो: मारुती कांबळे या माणसाचे काय झाले? बस्स. हाती सत्ता नाही, मागे माणसे नाहीत, पायांत त्राण नाही. नुसत्या प्रश्नाने तो एवढ्या मोठ्या साम्राज्याला घाम फोडतो. उपरा माणूस कसा असावा याचे हे मला सर्वांत मान्य झालेले चित्र आहे, कारण त्याला धोंडेपाटलाच्या खुर्चीवर बसायचे नाही. तो मास्तर आहे म्हणून मी पक्षपात करतो आहे, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही.

इथेही पाहा. तो प्रश्न गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. मास्तर येण्यापूर्वी तो प्रत्येकाच्या घशात अडकलेला होता. मग त्या गावाने दर पाच वर्षांनी मत कोणाला दिले? मारुती कांबळेच्या शेजाऱ्याने केंद्रात जाऊन कोणत्या चिन्हावर शिक्का मारला, आणि घरी येऊन तो जेवला का? चित्रपट तेथवर जात नाही. भीतीने गप्प असलेला माणूस आणि विटून गप्प असलेला माणूस दुरून सारखेच दिसतात. जवळून ते फार निराळे असतात. हे निराळेपण दाखवणे कादंबरीचे काम होते.

तिसरी कृती अरुण साधूंची ‘सिंहासन’. १९७७ ची ही कादंबरी आणि तिच्या आधीची, १९७२ ची ‘मुंबई दिनांक’, या दोन्ही मिळून १९७९ चा ‘सिंहासन’ चित्रपट झाला. मुख्यमंत्री, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री, कामगारांचा पुढारी डिकास्टा, आणि हे सारे टिपणारा वार्ताहर दिगू टिपणीस. साधूंइतके मंत्रालयाचे अंतरंग जाणणारा दुसरा कादंबरीकार मराठीत झाला नाही. पानापानावर एक तऱ्हेची धडकी भरते: हे असेच असणार! तरी मला नेहमी वाटत आले आहे, की या कादंबरीची खिडकी फक्त आतल्या बाजूला उघडते. वाचक वाड्यातल्या प्रत्येक खोलीत हिंडतो आणि बाहेर न पडताच पुस्तक मिटतो. बाहेरच्या जगाच्या वतीने विटण्याचे काम एकट्या दिगू टिपणीसवर सोपवलेले आहे. शेवटी त्याच्या मनाला ते ओझे पेलत नाही, यात नवल नाही; कोट्यवधींचे ओझे एका वार्ताहराने किती वाहावे? चित्रपटात बाहेरचा आवाज कोठे ऐकू येत असेल, तर तो आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी लिहिलेल्या गीतात. तेवढ्यापुरती खिडकी रस्त्याच्या बाजूला उघडते.

यानंतर रंगनाथ पठारेंच्या ‘ताम्रपटा’ने (१९९४) सत्ता गावपातळीवर, शिक्षणसंस्थांत आणि सहकारात कशी मुरते ते विस्ताराने दाखवले, आणि विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणाखाली गेलेल्या माणसांना बोलते केले. आमच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांना ‘झाडाझडती’तील खैरमोडे गुरुजी परके वाटणार नाहीत. विटण्याच्या सर्वांत जवळ मराठी कादंबरी गेली ती इथे, असे मी म्हणेन. पण तिथला माणूस प्रकल्पग्रस्त म्हणून बोलतो. ज्याचे घर बुडालेले नाही, ज्याला रेशन मिळते, ज्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, आणि तरीही ज्याचा कोणावरही विश्वास उरलेला नाही, तो माणूस तिथेही नाही.

कोणी म्हणेल, कादंबरीकाराला असा विषय सापडत कोठे? सापडायला काय झाले! आमच्याच जिल्ह्याकडे पाहा.

१९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातच होता. मतदारसंघ द्विसदस्य: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मते, आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिका हवी त्या पेटीत टाकायची. राखीव जागेसाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर स्वतः उभे होते. १९५२ ला मुंबईत त्यांचा पराभव झाला होता, आणि आता ते आमच्या दारी आले होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवाद्यांचे अशोक मेहता, तेही मुंबईचेच. दोघेही काँग्रेसच्या वाड्याबाहेरचे, दोघेही जिल्ह्याबाहेरचे, दोघेही प्रचंड विद्वान. निकाल काय लागला? अशोक मेहता निवडून आले. राज्यघटनेचा शिल्पकार पडला. ती जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना मिळाली.

वाचकहो, याहून मोठे नाट्य कोणते? एकाच दिवशी, एकाच जिल्ह्याने, दोन मतांपैकी एका मताने बाहेरच्याला आत घेतले आणि दुसऱ्या मताने त्याहून मोठ्या बाहेरच्याला दारातून परत पाठवले. काँग्रेसला विटलेला मतदार होता, हे मेहतांच्या विजयाने सिद्ध झाले. मग त्या विटण्याला जातीची वेस ओलांडता आली नाही, हे कशाने सिद्ध झाले ते मी सांगायला नको. एका पेटीपाशी हात सैल झाला आणि दुसऱ्या पेटीपाशी आखडला. त्या दोन पेट्यांमध्ये हाताचे अंतर असेल. त्या हातभर अंतराची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. बाबासाहेबांच्या चरित्रात ही निवडणूक येते, ती पराभव म्हणून. पण पराभव त्यांचा होता की भंडाऱ्याचा?

आणि या कथेला पुढचा अंकही आहे. तेच अशोक मेहता पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ साली त्याच भंडाऱ्यातून काँग्रेसचे म्हणून लोकसभेत निवडून आले. आमचे जांबुवंतराव धोटे १९७१ साली, इंदिराबाईंच्या लाटेत सारा देश वाहत असताना, फॉरवर्ड ब्लॉकच्या चिन्हावर नागपुरातून दिल्लीला गेले. आणि १९८० साली त्याच नागपुरातून गेले ते इंदिराबाईंच्या काँग्रेसचे होऊन. बाहेरच्याची आत जाण्याची ओढ ही काही आजची गोष्ट नाही. मतदाराला ती ठाऊक असते. तो बाहेरच्याला मत देतो ते हा आत जाणार नाही अशा भाबड्या समजुतीने नव्हे, असे मला केंद्रावर बसून बसून वाटू लागले आहे. मग कशासाठी देतो? आतल्याला दोन रात्री झोप येऊ नये म्हणून, कदाचित. हाही एक प्रकारचा राजकीय विचारच आहे. पण आपल्या विचारवंतांच्या पुस्तकांत त्याला जागा नाही.

अलीकडचे चित्र तर अधिकच गमतीचे. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. २०१९ ला १३. २०२४ ला दोन. हे आकडे वाचून कोणी म्हणेल, लोकांचा राग निवळला. मला तसे वाटत नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. एका वाड्याचे दोन वाडे झाले. पूर्वी तिकीट नाकारलेल्या माणसाला अंगणात उभे राहून ओरडावे लागे. आता पलीकडच्या वाड्याचे दार उघडेच असते. अपक्ष कमी झाले ते वाडे वाढल्यामुळे.

आमच्या भागातले अपक्ष पाहा. २००९ च्या लोकसभेला भंडारा-गोंदियातून नाना पटोले अपक्ष उभे राहिले आणि दुसऱ्या क्रमांकावर आले. २०१४ ला ते भारतीय जनता पक्षाकडून विजयी झाले. २०१७ च्या डिसेंबरात खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडून पुढे काँग्रेसमध्ये गेले. २०१९ च्या विधानसभेला भंडाऱ्यातून नरेंद्र भोंडेकर आणि गोंदियातून विनोद अग्रवाल अपक्ष म्हणून जिंकले. आमच्या तुमसरात चरण वाघमारे अपक्ष उभे राहून दुसरे आले. या चौघांची गुणवत्ता तोलण्याचे हे स्थळ नव्हे आणि तो माझा अधिकारही नाही. पण अपक्ष होण्यापूर्वी चौघेही कोणत्या ना कोणत्या पक्षात होते, आणि पुढेही पक्षांचे दार त्यांना परके राहिले नाही. म्हणजे आपण ज्याला ‘बाहेरचा’ म्हणतो तो बहुधा ‘बाहेर पडलेला’ किंवा ‘बाहेर ठेवलेला’ असतो. मराठी भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत. मराठी राजकारणात ते एकच झाले. दिल्लीत २०१३ ला खरोखरीच बाहेरून आलेला आम आदमी पक्ष २०१५ ला ७० पैकी ६७ जागा घेऊन बसला आणि २०२५ ला २२ वर आला. दहा वर्षांत बाहेरचे घर आतले होऊन जुनेही झाले.

मतदाराला हे सारे दिसते. २०१८ च्या मे महिन्यात आमच्याकडे पुन्हा पोटनिवडणूक लागली. ऐन उन्हाळा, यंत्रे बिघडली, ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्या दिवसांत पारावर बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, “गुरुजी, जो येते थो आपलाच मनून येते जी. निवडून गेल्यावर मंग कोनाचा होते?” मी सरकारी हुकमाचा बांधलेला; हसून पुढे गेलो. तेवढ्यात मागून तिनेच उत्तर दिले, “पर मत त देनाच लागते. नाई त आपुन मेलो असं समजतीन.”

हे वाक्य मी कोणत्याही राजकीय कादंबरीत वाचलेले नाही. तिला कोणाची आशा नव्हती, आणि घरी बसण्याची तयारीही नव्हती. मत म्हणजे तिच्या लेखी आपण जिवंत असल्याची खूण. निराश मतदार मतदानाला येत नाही, असे शहरातले पंडित सांगतात. आमच्याकडे तो येतो, रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो, आणि निराशच परत जातो. त्याच्या निराशेचा आकडा कोठेच पडत नाही.

कोठेच नाही असेही म्हणता येणार नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाला जो हिशेबाचा नमुना भरावा लागतो, त्यात एक लहानसा रकाना आहे. नियम ४९-ओ प्रमाणे, ज्यांनी नोंदवहीत सही केली पण नंतर मत न नोंदवण्याचे ठरवले, अशा मतदारांची संख्या. ‘कोणीही नाही’ची ओळ यंत्रावर येण्यापूर्वी नकाराला हाच एक रस्ता होता, त्यात गुप्तता राहत नसे, म्हणूनच पुढे न्यायालयाने ती ओळ आणवली. रकाना मात्र अजून आहे, आणि त्यात बहुधा शून्यच पडते. माझ्या आजवरच्या नोकरीत तो एकदाच भरला गेला.

ते केंद्र कोठले आणि साल कोणते, हे सांगत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला सत्तरीचा एक गृहस्थ आला. धोतर, खांद्यावर दुपट्टा. यादीत नाव निघाले, नोंदवहीत अंगठा दिला, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून घेतली. चिठ्ठी हातात घेऊन तो यंत्राच्या पुठ्ठ्यापर्यंत गेला, आत डोकावला, आणि परत आला. “राहू द्या जी,” म्हणाला. मी त्याला समजावून सांगितले की कोणीच नको असेल तर खाली शेवटचे बटण आहे. “माईत आहे,” तो म्हणाला. मग नियमाप्रमाणे त्याच्या नावासमोर शेरा लिहिला आणि शेऱ्यासमोर त्याचा अंगठा पुन्हा घ्यावा लागला. त्याने तो मुकाट्याने दिला. बाहेर दोन मंडपांत दोन पक्षांची पोरे याद्या घेऊन बसली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची बोटे पाहत होती. तो लगेच गेला नाही. शाळेच्या पडवीत सावलीला टेकून, शाई लावलेले बोट पुढे धरून, ती पुरती वाळेपर्यंत बसून राहिला.